पेरलेला ग्रह

सरांना सापडलेला ग्रह खोटा आहे, हे त्या खोलीत फक्त धाकटीला माहीत होतं. कारण तो तिनंच पेरला होता.

रिवाज खुद्द सरांचा. वेधशाळेतल्या त्यांच्या गटातल्या कुणीतरी अधूनमधून दुर्बिणीच्या खऱ्या नोंदींत एक बनावट ग्रह मिसळायचा आणि चिडीचूप बसायचं. शोधणाऱ्याला तो सापडला की तोंड उघडायचं. नजर शाबूत आहे की नाही हे कळायला दुसरा उपाय नाही, असं ते प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवत. या खेपेला पेरायची पाळी गटातल्या सगळ्यात लहान मुलीवर आली होती. तिला सगळे धाकटीच म्हणत.

तिनं सकाळपासून दोनदा तोंड उघडलं होतं, आणि दोन्ही वेळा "सर, चहा घेणार?" एवढंच विचारून मिटलं होतं. सरांनी दोन्ही वेळा घेतला. आठवडाअखेरीला ते निवृत्त होणार होते. उभा जन्म लहान तांबड्या ताऱ्यांभोवती राहण्याजोगा ग्रह हुडकण्यात गेला, हाती काही लागलं नाही, आणि आता निघता निघता हे घबाड! पडद्यावरच्या आलेखात ताऱ्याचा उजेड ठरावीक काळानं केसभर खाली जात होता. काहीतरी त्याच्यासमोरून जात होतं. त्या काहीतरीला हवा होती, हवेत वाफ होती. सर एका जागी बसायला तयार नव्हते. बायकोला फोन करून झाला होता, ती घरून निघालीही होती. आता संचालकांना कळवायला त्यांनी रिसीव्हर उचलला. संचालकांच्या कानावर गेलं असतं तर ते गावभर व्हायला वेळ लागला नसता, आणि जाता जाता सरांचं हसं झालं असतं.

"सर, फोन ठेवा," धाकटी म्हणाली.

"का गं?"

"तो माझा आहे."

सरांना पुन्हा विचारावं लागलं नाही. त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला, नीट बसला नाही म्हणून परत ठेवला, आणि मग ते खुर्चीत बसले. धाकटीला रडू येत होतं. त्यांनी एकदाचं ओरडावं असं तिला फार वाटत होतं. सरांनी चष्मा पुसला.

"नुसता उजेड कमी केलास, की अख्खा ग्रह घडवलास?"

"अख्खा, सर. एकदा हातात घेतल्यावर राहवलंच नाही."

"मग सांग ना, कसा घडवलास?"

"सर, खरंच सांगू?"

"अगं, सकाळपासून पाहुणा होता माझ्याकडे. चौकशी तर करू दे."

ती चाचरत बोलू लागली. "तारा लहान, त्यामुळे ग्रह जवळ हवा, नाहीतर ऊब पुरत नाही. पण हे तारे तरुणपणी महातापट. ऊठसूट भडकतात. जवळ जन्मलेल्या ग्रहाची हवा, पाणी, सगळं पार उडवून लावतात. म्हणून मी त्याला लांब जन्माला घातला, थंडीत. भरपूर बर्फ गाठीशी दिलं. तारा निवळल्यावर मग आत सरकवला."

"आपोआप सरकला?"

"एक परका तारा जवळून नेला. त्यानं धक्का दिला."

"आणि तो कुठे गेला?"

"गेला, सर. आपल्या वाटेनं."

"सोयीचाच होता म्हणायचा," सर म्हणाले, आणि हसले. "बरं, मग? तोंड कायम ताऱ्याकडे?"

"हो. एका अंगाला कायमचा दिवस, दुसऱ्या अंगाला कायमची रात्र. मधल्या पट्ट्यात समुद्र ठेवला."

"खारट?"

"खारट."

"किनारा?"

"आहे ना, सर."

गोष्ट संपू नये म्हणून लहान मुलं विचारतात तसे ते एकेक विचारत होते, आणि धाकटीही काही हातचं राखत नव्हती.

"म्हणजे राहता आलं असतं," सर म्हणाले.

"आलं असतं, सर."

दार ढकलून सरांच्या बायको आत आल्या. जिना चढून धाप लागली होती, अंगावर ठेवणीतले कपडे होते. "कुठाय माझी सवत?" न सापडलेल्या ग्रहाला त्या लग्नापासून सवतच म्हणत आल्या होत्या.

"बनावट निघाली," सर म्हणाले. "हिनं घडवलेली."

"अगं बाई! आणि येताना चार जणांना सांगत आले मी." त्या धाकटीला आणखी काही बोलणार होत्या, पण नवऱ्याच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि राहिलं. पर्स टेबलावर ठेवून त्या सरांच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, जाऊ द्या. इतके तारे बघितलेत. कुठेतरी असेलच एखादा, तुमच्या नजरेतून सुटला असेल. तुम्हीच म्हणता ना नेहमी?"

सर खरंच तसं म्हणत. इतकी वर्षं ते त्यावरच तगून होते.

त्यांनी पडद्यावरच्या आलेखातल्या त्या खळग्यावर बोट ठेवलं. तो बोटाखाली पुरता झाकून गेला.

"आता तसं म्हणता यायचं नाही," ते म्हणाले. "केवढासा होता हा, तरी सापडला मला. म्हणजे माझे डोळे ठीक आहेत. जिथे जिथे मी 'समोरून काही गेलं नाही' म्हणालो, तिथे खरंच काही गेलं नव्हतं."