पडद्याआडचा अबोला

संयोगिता टपरीमागं तोंड धुऊन पुढं आली, तर गाडी जागेवर नव्हती.

गाडी म्हणजे साधीसुधी नव्हे, चाकांवरचं घर. तिच्या नवऱ्यानं, अमरसिंहनं, शाळेची जुनी बस घेतली, तिला पांढरा रंग दिला आणि कोल्हापुरात उद्यमनगरच्या शेडमध्ये दोन वर्षं खपून तिचं घर केलं. आत गॅस, बेसिन, पलंग आणि पलंगाला जाड पडदा. ते घर आता वळणाआड दिसेनासं झालं होतं, आणि घरची मालकीण देवगडजवळच्या सरबताच्या टपरीपुढं ओल्या तोंडानं उभी होती.

काय झालं ते तिला लगेच उमगलं. उतरताना तिनं रागानं दार आपटलं होतं. अमरसिंह तेव्हा टपरीच्या दुसऱ्या अंगाला तोंडावर पाणी मारत होता. दार वाजलेलं ऐकून त्याला वाटलं असणार, बाईसाहेब परत आत चढल्या. पडदा सारून बघायचा तर प्रश्नच नव्हता. त्यांच्या घरात अबोल्याचा कायदाच तसा होता: जो रुसला त्याच्या वाटेला जायचं नाही, राग उतरला की येतो आपणहून. आणि दरवेळी आपणहून यायची ती संयोगिताच.

भांडण मालवणात झालं. गाडी बघायला किनाऱ्यावर माणसं जमली होती. घडीचं टेबल, पलंगाखालचे कप्पे, पडल्यापडल्या समुद्र दिसेल अशी खिडकी. सगळं बघून एकानं विचारलं, "हे वहिनींचं डोकं दिसतंय?" होतंच ते तिचं. शेडच्या फरशीवर खडूनं आखून तिनं एकेक गोष्ट ठरवली होती. अमरसिंह मात्र हसून म्हणाला, "हिला काय कळतंय त्यातलं!" माणसं हसली. संयोगिताच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती पडद्याआड गेली. तेव्हापासून कोकण बघायला आलेलं हे जोडपं परतीच्या वाटेला लागलं होतं, एक स्टेरिंगवर आणि एक पडद्याआड. घर चाकांवर चढवलं तर भांडणंही चढणारच की.

"फोन लावन देव काय तुमका?" टपरीवाल्या बाईनं विचारलं. संयोगिताचा फोन गाडीत चार्जिंगला होता, पण नवऱ्याचा नंबर तिला पाठ होता.

"नको. मी न्हाई सांगायची, हे त्यांचं त्यांनाच कळू दे."

बोलून गेली खरी, मग शंका आली. नाहीच कळलं तर? घाट चढून, कोल्हापुरात मंगळवार पेठेत घराच्या दारात गाडी लावल्यावर कळलं तर? तिनं मनाशी ठरवून टाकलं. तो आधी आला तर सगळं माफ. कोल्हापूरची एसटी आधी आली तर तिच्यात बसायचं, आणि कोल्हापुरात उतरून घरी न जाता थेट शाहूवाडी गाठायची, माहेर. मग परत येणं नाही.

ती रस्त्याकडं डोळे लावून बसली. लांबून काही लाल दिसलं की एसटी आली असं वाटून ती मान फिरवायची. पांढरं दिसलं की उठून उभी राहायची. पांढरा टेम्पो गेला, दुधाची गाडी गेली. ऊन उतरायला लागलं. समोर एवढा समुद्र पसरला होता, पण तिनं एकदाही तिकडं पाहिलं नाही.

आधी एसटीच आली.

"कोल्हापूर, कोल्हापूर!" कंडक्टर ओरडला. संयोगिता उठली. रडू येत होतं, पण लोकांपुढं रडायचं नाही म्हणून तिनं ओठ आवळले आणि एक पाय पायरीवर ठेवला. तेवढ्यात मागून ओळखीचा हॉर्न वाजला. धुरळा उडवत गाडी एसटीमागं थांबली, आणि अमरसिंह उडी टाकून धावत सुटला. आला! कळलं याला! तिचा ऊर भरून आला.

अमरसिंह तिच्यावरून पुढं गेला आणि टपरीत शिरला. "मावशी, माझा चष्मा राह्यलाय का हितं? त्याच्याबिगर घाटात दिसायचं न्हाई मला."

चष्मा पाण्याच्या पिंपावर होता. तो पुसत पुसत अमरसिंह आला तसा मागं फिरला. एसटीच्या दारातल्या बाईकडं त्यानं मान वर करूनही बघितलं नाही. टपरीवाली काही बोलणार होती, पण संयोगितानं तिला हातानंच गप्प केलं. चष्मा आठवला याला, बायको नाही. आता काय राहिलं? तिनं दुसरा पायही वर घेतला.

मागं अमरसिंहनं गाडीचं दार उघडलं आणि बाहेरूनच पडद्याला हाक मारली.

"अगं, आता तरी बोल की! तळेऱ्यापातूर एकटाच बडबडत गेलो, येताना बी तेच. चुकलं म्हटलं की माझं. चार माणसांत तुझा पाणउतारा केला. गाडी मी बांधली, पर तिचं घर तू केलंस. तोंडावर म्हणायला जीभ रेटत न्हाई, म्हणून पडद्याला सांगत आलोय. आता आनि काय म्हणू?"

संयोगिता जागच्या जागी थबकली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण 'चुकलं' हा शब्द तिनं या माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. आणि आज तो निघाला तोही रिकाम्या पलंगापुढं.

"बाई, येताय का न्हाई?" कंडक्टरनं विचारलं.

"जावा तुम्ही, पावणं," ती म्हणाली आणि उतरली. डबल बेल झाली, एसटी गेली. ती चालत नवऱ्याच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली. राग गेला नव्हता. पण पाय मात्र तिकडंच वळले होते.

चाहूल लागून अमरसिंह वळला. त्यानं तिच्याकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं, परत तिच्याकडं बघितलं. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"मी आत न्हवते," संयोगिता म्हणाली. "आता मला सांगा. पहिल्यापासनं."