मावशीच्या अक्षरातला अर्ज

सिस्टरच्या समोरच्या अर्जात 'मठात का यायचं आहे?' या प्रश्नाखाली एकच ओळ होती. 'आईची शेवटची इच्छा.' अक्षर मावशीचं होतं.

"पोरीला लिहवेना, म्हणून मी लिहिलं," मावशी म्हणाली. "पण मन तिचंच आहे हो. विचारा हवं तर."

मुलगी खिडकीकडे बघत होती. चोवीस वर्षांची, केस घट्ट बांधलेले, मांडीवर कपड्यांची बॅग. आईला जाऊन दोन महिने झाले होते.

मठात येऊ बघणाऱ्या मुलींना आपलं पाचारण, म्हणजे देवाने खरंच बोलावलंय का, हे पारखून बघायला मदत करायची, हे सिस्टरचं काम. यंदा अर्ज घेऊन ही एकटीच आली होती. सकाळीच मठाच्या प्रमुख मदर म्हणाल्या होत्या, "हिचा फार कीस काढू नका. वरच्या सहा खोल्या रिकाम्या पडल्यात."

"तुम्ही जरा बाहेर बसता?" सिस्टरने मावशीला विचारलं.

"माझ्यापासून कसली चोरी? मी तिला आईसारखीच."

"म्हणूनच."

मावशी उठली. जाताना तिने दार अर्धवट लोटलं. सिस्टरने जाऊन ते नीट लावलं.

"आईने ही इच्छा तुला सांगितली?"

"मावशीला सांगितली."

"आणि तुला काय म्हणाली?"

मुलीने बॅगेची चेन उघडली, लावली. पुन्हा उघडली.

"मला म्हणाली, तू जा, जरा पड." तिने चेन ओढून लावली. "दीड वर्ष तिच्या उशाशी होते मी, सिस्टर. त्या दुपारी पडले. डोळा लागला. उठून बघते तर..."

बाहेर मावशी मुद्दाम खोकली.

"इथे पाचला उठतात ना?" मुलगी एकदम म्हणाली. "मी चारला उठेन. फरशा पुसेन, सांगाल ते करीन. मला झोप नको."

सिस्टरच्या हातात पेन होतं. अर्जावर सही केली की सगळ्यांचंच भागणार होतं. मदरचं, मावशीचं, वरच्या खोल्यांचं. ही मुलगी हूं की चूं न करता जन्मभर फरशा पुसत राहिली असती आणि लोकांनी तिला पुण्यवान म्हटलं असतं.

सिस्टरने पेनाला टोपण लावलं.

"शिक्षा भोगायला इथे कोणाला घेत नाही, बाळा."

मुलीचा जबडा आवळला. "म्हणजे तुम्हीसुद्धा मला जा म्हणताय."

"आज हो. वर्षाने एकटी ये, आणि तुझं तू लिही. नाही आलीस तरी मी रागावणार नाही."

"जाऊ कुठे? घरी तिचा पलंग तसाच आहे."

"चादर?"

"तीच."

"आज बदल."

दारावर टकटक झाली. "झालं का हो? घेतलं ना तिला?"

मुलीने तिकडे पाहिलंही नाही.

"धुतली तर तिचा वास जाईल," ती म्हणाली.

सिस्टर टेबलाला वळसा घालून अलीकडे आली. मावशीची रिकामी खुर्ची ओढून ती मुलीच्या शेजारी बसली. दारावर पुन्हा टकटक झाली. दोघींपैकी कोणीच उठलं नाही.