लाल ठिपका

साखराबाई पाटीवर वाकली आणि तिच्या काळजात चर्र झालं. अंड्यांवर बसवलेली तांबडी कोंबडी उठून अंगणात दाणे टिपत होती आणि पाटीतलं एक अंडं गायब होतं. कोंबडी बसवून अजून आठवडाही झाला नव्हता.

"सुकन्ये!"

सुनेनं ओ दिली नाही. भरदुपारी घराचं दार लोटलेलं होतं. साखराबाईनं ते ढकललं. आत मिट्ट काळोख. खिडकीवर वाकळ टांगलेली.

"आत्याबाई, दार लावा ना," काळोखातून सुकन्याचा आवाज आला. "उजेड येतोय."

"उजेड येतोय म्हनं! बसवलेलं अंडं कावून उचललंस गं?"

"लगेच ठेवते परत. लेकरांचा धडा चालू हाय."

धडा! पाटोद्याच्या शाळेची फी आणि गाडीचं भाडं झेपेना, म्हणून जूनपासून सुकन्या दोन्ही लेकरांना घरीच शिकवत होती. कधी ज्वारीच्या दाण्यांवर गुणाकार, कधी चुलीवरच्या पातेल्याची वाफ बघायची, कधी रद्दीतला पेपर मोठ्यानं वाचायचा. साखराबाईला ही शाळा वाटतच नव्हती. शाळेला घंटा लागते, मास्तर लागतो. दिवाळी झाली की नातवाला, लखनला, अंबाजोगाईला त्याच्या मावशीकडं शिकायला धाडायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. आज ते सुनेला तोंडावर सांगून टाकावं. शेजारपाजार ऐकेल म्हणून तिनं आधी दार लोटून घेतलं.

"हे बघ सुकन्ये..."

तेवढ्यात सुकन्यानं मोबाईलची बॅटरी लावली. बॅटरीवर पुठ्ठा, पुठ्ठ्याला भोक, भोकावर अंडं. अंडं आतून पेटलं.

साखराबाई पुढं वाकली. पिवळ्याजर्द उजेडात केसाएवढ्या लाल रेषा पसरल्या होत्या, रोपट्याच्या मुळ्या पसराव्यात तशा. मधोमध एक लाल ठिपका होता. तो हलत होता. आपला आपण, न थांबता.

"काय हाय गं ते?"

"काळीज हाय, आजी," धनश्री कुजबुजली. "पिल्लाचं."

लखन एक हात स्वतःच्या छातीवर दाबून बसला होता. नजर त्या ठिपक्यावर. "आई, ह्याचं माझ्यापेक्षा लई जोरात पळतंय. कावून?"

"आपन शोधू," सुकन्या म्हणाली. "मला बी म्हाईत न्हाई. मी बी आजच बघतीय."

साखराबाई लेकरांच्या मधे भुईवर बसली. जन्म गेला कोंबड्यांत. किती अंडी बाजारात नेली, किती पाहुण्यारावळ्यांना रांधून घातली. स्वतःची पाच बाळंतपणं झाली. पण आतला जीव धडधडताना तिला कुणी दाखवला नव्हता. दाखवता येतो, हेच तिला ठाऊक नव्हतं.

"उजेडानं दुखत नसंल ना त्याला?"

"न्हाई. पन लई वेळ बाहेर ठिवायचं न्हाई. गार पडंल."

"मंग दे इकडं."

सुकन्यानं बॅटरी बंद केली. अंधारात साखराबाईनं ओंजळीत अंडं घेतलं आणि पदराखाली छातीशी धरलं. अंबाजोगाईचं बोलणं राहूनच गेलं. बोटांना काही लागत नव्हतं, नुसतं कवच. तरी ती श्वास रोखून बसली.

दारावर थाप पडली. तिचा नवरा धुळाजी शेळ्या घेऊन परतला होता. "अगं, समदे गेले कुठं? भूक लागलीय की!"

"हळू बोला वं," साखराबाई म्हणाली. "आत कुनीतरी हाय."

मग दार हळूच किलकिलं झालं. धुळाजीनं उंबऱ्याबाहेर वहाणा काढल्या, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि मोठ्या पाहुण्यापुढं जावं तसा अदबीनं वाकून तो आत आला.