एक्केचाळिसावा शेवट

सिनेमा सुटला. "शेवटी नायक सुधारला, म्हणून तोच दिवस पुन्हा पुन्हा उगवायचा थांबला," श्रीरंग बायकोला म्हणाला.

मृदुला भडकली. "आणि त्याची बायको? त्याला अक्कल येईपर्यंत तिनं रोज तेच भोगायचं?"

तिचे डोळे भरायच्या आधीच श्रीरंगनं रुमाल पुढे केला. मृदुलाला संशय आला. तिनं त्याची बाही वर सारली. मनगटावर दिवस मागे फिरवून पुन्हा सुरू करणारं घड्याळ होतं. ते बांधणाऱ्यालाच सगळं आठवायचं. आकडा होता चाळीस.

"आजचाच दिवस? चाळीस वेळा?"

"दर वेळी तू मला सोडून गेलीस. आज तरी मी कुठे चुकलो नाही ना?"

"चाळीस वेळा मी नाही म्हटलं," मृदुलानं रिक्षाला हात केला, "आणि तुला ते एकदाही ऐकू आलं नाही?"