हेरंबच्या नावाची सीट

पान्याचा दुसरा फटका बसला तसा हेरंबचा उजवा हात टेबलावर निपचित पडला.

"बोल! नकाशे कुणाला विकलेस?" पद्माकरराव गरजले.

"देवाशप्पथ सर, मी नाही हो!"

रविवारची दुपार होती, दिल्लीजवळच्या मानेसर गावातला त्यांचा कारखाना बंद. चौकीदाराला त्यांनी स्वतःच जेवायला पिटाळलं होतं. मोटारींच्या पेडलचे साचे इथे बनत. तीस वर्षं हाडाची काडं करून उभा केलेला धंदा, आणि नव्या साच्याचे निम्मे नकाशे फरिदाबादच्या स्पर्धकाकडे! उरलेले गेले की कारखान्याला टाळंच लागणार होतं. आणि हे केलं कुणी, तर या नांदेडच्या पोराने! दिल्लीत चारदा स्पर्धा परीक्षेत नापास होऊन फिरत होता, तेव्हा आपला माणूस म्हणून यांनीच त्याला उभं केलं होतं.

"ऑनलाइन सॉफ्टवेअर आहे ते, समजलं? एक सीट म्हणजे एका माणसाचा परवाना. तुझ्या सीटवर फक्त तू बसायचंस, तुझ्याच पासवर्डने. नकाशे तुझ्या नावाने डाउनलोड झालेत. अबोलीने सकाळीच सांगितलंय मला."

"सर, मंगळवारपासून माझा पासवर्डच चालत नाहीये. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, बघते."

"माझ्या मुलीवर ढकलतोस, हरामखोरा?"

तिसरा फटका बोटांवर बसला. हाड मोडल्याचा आवाज आला आणि हेरंब गुरासारखा ओरडला.

अबोली त्यांची एकुलती एक. कुणाला सीट द्यायची, कुणाची काढायची, हे सगळं तीच बघे. दोन महिन्यांपूर्वी ती म्हणाली होती, "बाबा, चार सीट आहेत. पाचवी माझ्या नावाने घेऊ या ना. मलाही साचे करायचेत."

पद्माकरराव खो खो हसले होते. "तुला कशाला गं, ठमे? उद्या लग्न होऊन जाशील." पण पोर हिरमुसली म्हणून दुसऱ्याच दिवशी तिला भारी लॅपटॉप आणून दिला, आणि त्यात मशीनचं नावही हौसेने स्वतःच घातलं, तिचं घरातलं नाव, ठमी.

आता त्यांनी तिलाच फोन लावला.

"अबोली, हेरंबची सीट काढून टाक. कबूलच होत नाही लेकाचा. हात मोडलाय मी त्याचा."

पलीकडून तिने विचारलं,

"कुठला?"

"उजवा."

"अच्छा." मग ती म्हणाली, "अर्धा तास थांबा, बाबा. आत्ता काढली तर नोंदी जातील. पुरावा नको का हातात?"

बिल्कुल! पोरगी काय हुशार! पद्माकररावांचा ऊर भरून आला. तोवर हा पुरावा याच्याच डोळ्यांत घालावा म्हणून त्यांनी टेबलावरच्या कॉम्प्युटरवर मालकाचं खातं उघडलं. इतके दिवस त्यात ते कधी डोकावलेच नव्हते. त्यांनी हेरंबला केसांना धरून पडद्यासमोर ओढलं.

"बघ! उघड डोळे!"

पडद्यावर चार नावं होती. तीन नावं करडी, सुट्टीवर. चौथं हेरंबचं, त्याच्यापुढे हिरवा ठिपका. काम चालू होतं. नकाशे उतरत होते, सदतीस, अडतीस, एकोणचाळीस.

हेरंबचा हात रक्ताने माखून टेबलावरच पडलेला होता.

 पद्माकरराव पडद्याजवळ वाकले. हिरव्या ठिपक्याखाली, काम कुठल्या मशीनवरून चाललंय त्याचं नाव होतं.

ठमी.