चौकोन क्रमांक चौदा

माझी बायको मैथिली फेब्रुवारीत गेली. खलास, असं सगळे म्हणतात. तर, तसं काही झालेलं नाही.

दर शनिवारी सकाळी आम्ही दोघं दुबईबाहेरच्या वाळवंटात, मोजणीच्या नकाशावरच्या चौकोन क्रमांक चौदामध्ये, पाहुण्यांना घेऊन फुकट गाईडगिरी करतो आणि प्राण्यांचे ठसे मोजतो. आधी सारख्या केलेल्या वाळूवर प्रत्येकाने एक पाऊल उमटवायचं, म्हणजे नंतर माणूस आणि कोल्हा यांत घोळ होत नाही. मैथिली सगळ्यांत शेवटी, माझ्या शेजारी पाऊल ठेवते. म्हणते, "तुझं बदकासारखं आहे, पक्ष्यांत धर."

आज माझ्यासकट माणसं सात होती.

"अंकल, देअर आर एट," पाहुण्यांतली छोटी इशिता म्हणाली.

आठवा ठसा माझ्या ठशाला खेटून होता. डाव्या बुटाचा, टाचेला चीर गेलेला. तो बूट दुबईतल्या देरा बाजारातून मीच चिकटवून आणला होता. तो घरी दाराशी आहे.

मी गुडघ्यांवर बसलो. ठशापुढची वाळू हळूच दबली. उजवं पाऊल. मग डावं, टेकडीकडे.

मी ठशांच्या मोजणीचा फॉर्म भरला. प्रजाती: बायको. संख्या: एक.

तेवढ्यात वारा सुटला, ठसे बुजायला लागले.

शेरा: चौकोन क्रमांक चौदामधील वारा पुढील आदेशापर्यंत बंद ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती.