सुमीच्या वाढदिवसाचं जेवण

"आधी तुम्ही चमचा उचला," पोरगी म्हणाली. "इथं मोठ्या माणसानं घास घेतल्याशिवाय बाकीचे जेवत नाहीत."

मथुराबाईंनी चमचा उचलला. माळशिरसला एसटीत बसल्यापासून त्या मनात एकच घोकत आल्या होत्या. मी गोजर. मी तुझी आई.

खरी गोजर भादव्यातच गेली. मथुराबाईंची धाकटी बहीण ती. आणि दिवाळीत तिच्या नावानं सोलापुरातून चिठ्ठी आली. 'आई, मला एकदा भेट. मी रागावलेली नाही. सुमी.' खाली फोन नंबर. चोवीस वर्षांनी लेकीनं हाक मारली आणि ओ द्यायला आई नव्हती! मथुराबाईंनी चिठ्ठी पिठाच्या डब्याखाली दडवली. धीर व्हायला चैत्र उजाडला. फोन लावला, तर पलीकडून बराच वेळ नुसतं रडणं ऐकू आलं. मग पोरगी म्हणाली, "वाढदिवसाला या."

तुझी आई मेली, हे त्या पोरीच्या तोंडावर कुणी सांगायचं? त्यापेक्षा आपणच आई व्हावं. एका दिवसाचं तर सोंग.

सात रस्त्याजवळचं हे कोरियन हॉटेल सत्तावीस वर्षांचं जुनं. मालकीण किमबाईंचा नवरा यंत्रमागाच्या कारखान्यात मशिनं बसवायला आला, आणि दोघं इथलीच झाली. सुमीला अनाथ मुलांच्या संस्थेतून त्यांनीच घरी आणलं. पुढं नवरा वारला, पण किमबाईंनी चूल विझू दिली नाही. पूर्वी कंपन्यांचे साहेब जेवायला यायचे, आता कोरियन मालिका बघून येडी झालेली कॉलेजची पोरं रांगा लावतात. आज मात्र दारावर 'बंद'ची पाटी होती. किमबाई नमस्कार करून ज्या आत गेल्या, त्या बाहेर फिरकल्या नव्हत्या.

"हे काय गं हिरवं हिरवं?"

"समुद्रातलं शेवाळ. वाढदिवसाला हेच सूप पितात. बाळंतिणीलाही हेच देतात, म्हणून आधी आईला वाढायचं."

मथुराबाईंनी वाटी तोंडाला लावली. गोजरच्या बाळंतपणात तिला अळिवाची वाटीसुद्धा कुणी दिली नव्हती. लग्नाआधीचं पोर! तिसऱ्या दिवशी गोजरचा डोळा लागलेला बघून ते पोर मथुराबाईंनीच उचललं आणि संस्थेत नेऊन दिलं. घराची अब्रू वाचली म्हणे. गोजर त्यानंतर बहिणीशी मरेपर्यंत धड बोलली नाही.

"पोरी," मथुराबाईंनी वाटी खाली ठेवली, "म्या तुला टाकली न्हाय. मी झोपले हुते गं. माज्या थोरल्या बहिणीनं नेली तुला. जागी झाले, तर कुशीतली जागा गार."

"मावशीनं?"

"व्हय. लई निर्दयी बाई. मला माफ कर, पर तिला करू नगंस."

पोरीनं आपल्या वाटीत चमचा उगीच फिरवला. बाहेर दोन रिक्षावाले सवारीवरून भांडत होते.

"आहे का ती अजून?"

"हाय की. मरण येत न्हाय, दुसरं काय."

"मग तिला सांगा, सुमीनं माफ केलंय." पोरीचा आवाज फाटला. "खरंच सांगा. सुमीच्या मनात कुणाबद्दलच राग नव्हता."

मथुराबाईंना हुंदका आवरेना. पदर तोंडात कोंबून त्या ढसाढसा रडल्या. चोवीस वर्षं ज्यासाठी जीव जळत होता ते असं अचानक, भाताच्या वाफेत, पदरात पडलं. उगीच सहा महिने घाबरत बसले, असं त्यांना वाटलं. पोरीनं उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मग त्यांना खरोखरची भूक लागली. कोबीचं तिखटजाळ लोणचं भाताशी कालवून त्या लहान मुलासारख्या जेवल्या.

जेवण उरकत आलं तेव्हा किमबाई बाहेर आल्या. डोळे सुजलेले. हातात वाफाळत्या भाताची वाटी. ती त्यांनी तिसऱ्या, रिकाम्या खुर्चीपुढं ठेवली आणि भातात चमचा उभा रोवला.

"आत्ता नको ना," पोरगी घाईनं म्हणाली.

मथुराबाईंना वाटलं, पाहुणीला आग्रहाची वाढणी चाललीय. आणलेलं परत कसं पाठवायचं?

"असू दे गं, खाते की तेबी," म्हणत त्यांनी चमच्याला हात घातला.

किमबाईंनी तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. सोलापूरची बोली एव्हाना त्यांचीच झाली होती.

"नका, बाई. ते माझ्या सुमीचं हाय. माघात गेली की ती. ही पोर तिची मैत्रीण. सुमी शेवटपर्यंत तुमच्याच फोनची वाट बघत होती."